डाव्या हाताचं वजन

दादा परांचीवरून पडला, त्या दिवशीची तारीख माझ्या लक्षात नाही, पण त्याला दिलेलं कालवलेल्या मालाचं शेवटचं घमेलं लक्षात आहे. मी ते अर्धंच भरलं होतं. तो वरून ओरडला, "पोटभर भर की! माप कसलं मारतेस?" मला राग आला. मी घमेलं काठोकाठ भरलं, छातीपर्यंत उचललं, मग डोक्यावर आणि डोक्यावरून वर ढकललं. तो घ्यायला वाकला, पायाखालची फळी सरकली आणि माल नि माणूस दोन्ही एकदमच खाली आले. माल माझ्या अंगावर पडला, माणूस वाळूच्या ढिगावर. वाळू होती म्हणून जिवावरचं खांद्यावर निभावलं.

डावा खांदा निखळला होता. दवाखान्यात तो बसवला आणि हात पाच आठवडे झोळीत घातला. डॉक्टर म्हणाले, "नंतर व्यायाम करा. हळूहळू करा. पण कराच, नाहीतर हात खांद्याच्या वर जायचा नाही." दादाने फक्त शेवटचं वाक्य ऐकलं.

आमचं घर गिलाव्यावर चालतं. आबा गवंडी, दादा गवंडी. आईने पंचवीस वर्षं माल कालवला, तिचे गुडघे गेल्यावर तिची जागा मी घेतली. भिंतीचा गिलावा कोणीही शिकतो. छताचा गिलावा वेगळा. मान मागे टाकायची, डाव्या हातात मालाची फळी डोक्याच्या वर धरायची, उजव्या हाताने करणीभर माल घेऊन छतावर मारायचा आणि तो खाली पडायच्या आत दाबायचा. उजवा हात काम करतो असं बघणाऱ्याला वाटतं. खरं काम डाव्याचं असतं. तो दिवसभर वरच असतो आणि त्याच्याकडे कोणी बघत नाही.

आमच्याकडे एक रीत आहे. छताचा पहिला कोपरा जो धरतो, त्याचं छत. आणि उन्हाळ्याचं शेवटचं छत ज्याचं, पुढच्या हंगामात कामाचा मुख्य तो. मुकादम त्याच्या हाताखाली माणसं देतो. गेली नऊ वर्षं तो कोपरा दादाचा होता. त्याच्याआधी आबांचा.

झोळी निघाली तेव्हा दादाचा हात बघून वहिनी स्वयंपाकघरात निघून गेली. खांद्याचा गोल भाग झडून सपाट झाला होता आणि दंड माझ्या मनगटाएवढा झाला होता. सकाळी सदरा घालायचा म्हणजे कार्यक्रमच असायचा. आधी वहिनी डावी बाही हातात सरकवायची, मग सदरा पाठीमागून फिरवायची, मग उजवी. संध्याकाळी तेच उलट्या क्रमाने. एकदा तिला उशीर झाला, तर हा माणूस अर्ध्या सदऱ्यात अडकून अंगणात उभा. मी हसले. तो हसला नाही, म्हणून मीही थांबले.

मुकादमाने त्याला कामावर घेतलं, पण वाळू चाळायला. चाळण तिरकी उभी करून एका हाताने फावडं मारता येतं. ज्या माणसाने नऊ वर्षं छतं धरली, तो दिवसभर चाळणीपुढे उभा राहायचा आणि वर परांचीवर बारक्या असायचा. बारक्या हा दादाचाच शिष्य. अंगाने काडी, म्हणून बारक्या. करणी कशी धरायची हे त्याला दादाने शिकवलं होतं. तो वरून हाक मारायचा, "उस्ताद, थोडी बारीक वाळू मिळेल का?" तोंडात आदर पूर्ण होता. त्याने "ए, वाळू आण" म्हटलं असतं तर दादाला कमी लागलं असतं.

एके दिवशी दादाने घरी येऊन फावडं कोपऱ्यात टाकलं आणि म्हणाला, "आता हेच आपलं काम."

आबा खाटेवर बसून विडी शोधत होते. त्यांनी विडी शोधणं सोडलं. "भिंतीजवळ उभा राहा," ते म्हणाले.

"कशाला?"

"सांगतो म्हणून."

आबांबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या माजघरात त्यांचा तरुणपणीचा फोटो आहे. अंगात बनियन, टाचा जुळलेल्या, दोन्ही हातांत लोखंडी डंबेल्स डोक्यावर सरळ, आणि चेहरा असा की जणू हातात काहीच नाही. गावात तेव्हा व्यायामशाळा होती. म्हणजे एक पत्र्याची खोली, चार डंबेल्स, दोन सळ्या आणि एक आरसा. आरशासमोर उभं राहायला मनाई होती. आबा तिथे अकरा वर्षं गेले. पुढे तिथे खताचं गोदाम झालं आणि डंबेल्स कुठे गेली कोणालाच ठाऊक नाही. आबांच्या मते त्या दिवसापासून गावातल्या माणसांचे खांदे उतरले. आता त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं आणि डॉक्टरांनी त्यांना पाण्याची बादलीसुद्धा उचलू नका म्हणून सांगितलं होतं. सगळं बळ तोंडात उरलं होतं.

दादा भिंतीजवळ उभा राहिला. आबांनी त्याला डाव्या हाताची बोटं भिंतीवरून वर चालवायला लावली. बोटं छातीपर्यंत गेली, हनुवटीपर्यंत गेली आणि थांबली. दादाच्या कपाळावर घाम आला. आबांनी कानामागची पेन्सिल काढून तिथे रेघ मारली.

"उद्या ह्याच्या वर."

"आणि नाही गेला तर?"

"तर परवा."

भिंतीवर रेघा चढत गेल्या. रोज उजाडताना एक. काही दिवशी दोन रेघांत केसाचंही अंतर नसायचं, तरी आबा ती मारायचेच. रेघ डोक्याच्या वर गेली तेव्हा हातात अर्धी वीट आली, मग अख्खी वीट. वीट कानाजवळ धरायची आणि सरळ वर न्यायची. आबा समोर खाटेवर बसून सांगायचे, "टाचा जोड. पोट आत. नजर समोर, वर नाही. वीट कुठे पळून जात नाही. वर न्यायला ताकद लागते, खाली आणायला अक्कल लागते. आपटू नकोस, उतरव."

मी तेव्हा केर काढत असायची. मी म्हटलं, "आबा, मी दिवसभर घमेली डोक्यावरून वर ढकलते. त्याला कोणी व्यायाम म्हणत नाही. कोणी मोजतही नाही."

"तू गुडघे वाकवतेस," आबा म्हणाले. एवढंच. आमच्या घरात कौतुक हे आंघोळीच्या गरम पाण्यासारखं होतं, दादाची पाळी झाली की संपायचं.

विटा कमी पडायला लागल्या तेव्हा आबांनी डंबेल्स ओतायचं ठरवलं. रंगाचे चार रिकामे डबे, एकाच मापाचे. दोन पाईपचे तुकडे. पाईपच्या दोन्ही टोकांना एकेक डबा, डब्यांत खडी-सिमेंट. वहिनीने मुठीच्या जागी कापड शिवून गुंडाळलं, डाव्याला लाल आणि उजव्याला निळं. लाल मूठ डाव्याच्या बोटांच्या मापाने बारीक केली होती, म्हणून आबांनी नियमच केला. "चपला जशा डावी-उजवी, तशी ही. अदलाबदल करायची नाही."

उजवं डंबेल आबांनी स्वतः भरलं. डावं भरायचं त्या दिवशी मुकादमाने त्यांना कुठल्या तरी भिंतीची ओळ बघायला बोलावलं, तेव्हा ते आईला सांगून गेले. आईने पंचवीस वर्षं माल कालवलेला. तिला काय सांगायचं असतं?

नेमका त्याच दिवशी बारक्या दादाला बघायला आला होता. तासभर बसला, फारसं बोलला नाही, जाताना दादाच्या पायाला हात लावून गेला. आणि दुसऱ्या दिवशी आबांचा ओळंबा सापडेना.

ओळंबा म्हणजे दोरीला बांधलेलं लोखंडी वजन. भिंत सरळ उभी आहे की नाही ते तो सांगतो. आबांचा ओळंबा त्यांच्या उस्तादाने दिलेला होता, मुळ्याच्या आकाराचा, वापरून वापरून काचेसारखा गुळगुळीत झालेला. आबांनी सगळं घर उलटंपालटं केलं. आईला विचारलं, वहिनीला विचारलं, मला तीनदा विचारलं. मग खाटेवर बसले आणि म्हणाले, "येताना सांत्वन घेऊन आला, जाताना ओळंबा घेऊन गेला."

"आबा, असं बोलू नका," दादा म्हणाला. "तो तसा नाही."

"कोपरा घेतला, आता ओळंबा घेतला. उद्या खाटही नेईल." त्या दिवसापासून आबांनी बारक्याशी बोलणं टाकलं. तो समोरून आला की आबा आकाशात ढग शोधायचे. भर उन्हाळ्यात.

डंबेल्स आठवडाभर पाण्याने भिजवली, मग व्यायाम सुरू झाला. पहिल्या दिवशी उजवा हात तीन वेळा वर गेला. डावा एकदाही नाही. डंबेल खांद्याशी आलं आणि तिथेच थरथरत राहिलं. आबांनी घाई केली नाही. चौथ्या दिवशी डावा एकदा गेला. वहिनी दारात उभी होती, तिने पदर तोंडावर धरला.

एक हात, मग दुसरा हात. मध्ये पन्नास श्वास. आबांचं मोजणं मोठं कडक होतं. कंबर मागे गेली तर मोजायचं नाही. गुडघा हलला तर मोजायचं नाही. "चार... पाच... हा धरला नाही... पाच." दादा दात ओठ खाऊन म्हणायचा, "आबा, गेला होता वर!" आबा म्हणायचे, "हात गेला होता. पण कंबर पोचवायला गेली होती. एकट्याला जाऊ दे."

खांदा भरत होता, हे मात्र खरं. सदऱ्याच्या शिवणी ताणायला लागल्या. वहिनी म्हणाली, "सदरा उसवला तर मी शिवणार नाही." पण तिने तो शिवला, आणि बाहीला दोन बोटं कापड जास्त लावलं. दादा आता सदरा स्वतः घालू शकला असता. पण ती सवयीने बाही धरून उभी राहायची आणि तो सवयीने हात पुढे करायचा. म्हटलं, ते त्यांचं ते बघून घेतील.

पाच आठवड्यांनी उजवा बारावर गेला. डावा सहावर आला आणि तिथे गाढवासारखा बसला. सातव्या वेळी डंबेल कानाच्या वर चार बोटं जायचं आणि थांबायचं. दादाच्या मानेच्या शिरा दोरीसारख्या व्हायच्या आणि मग ते हळूहळू खाली. एक दिवस, दोन दिवस, बारा दिवस. रोज सहा.

आणि त्यातच मुकादम आला. अंगणात उभ्या उभ्याच बोलला. "दवाखान्याच्या नव्या इमारतीचं छत सोमवारी धरायचंय. लांब खोली आहे. ह्या उन्हाळ्याचं शेवटचं." मग दादाच्या खांद्याकडे बघून म्हणाला, "मला गोड बोलता येत नाही. वर गेलास आणि दुपारी हात खाली आला, तर छताला सांधा पडेल. तो जन्मभर दिसेल. जमणार असेल तर कोपरा तुझा. नसेल तर आधी सांग, मी बारक्याला देतो. पण मग पुढचा हंगाम त्याचाच, आणि तू त्याच्या हाताखाली."

"रविवारी सांगतो," दादा म्हणाला.

रविवारी उजाडताना आम्ही सगळे अंगणात होतो. आई लसूण सोलत पायरीच्या कडेला बसली होती. दादाने उजवा बारा वेळा केला, काही त्रास न होता. पन्नास श्वास घेतले. लाल मूठ धरली.

"एक... दोन... तीन..." आबा मोजत होते. "चार... पाच... सहा."

सातवं वर निघालं. कानाच्या वर गेलं. चार बोटं, पाच बोटं. मी हातातली केरसुणी घट्ट धरली, जणू मीच ढकलत होते. आणि ते थांबलं. बराच वेळ तिथेच होतं. मग खाली आलं.

"सहा," आबा हळू आवाजात म्हणाले.

दादा पायात चपला घालायला लागला.

"कुठे निघालात?" वहिनीने विचारलं.

"मुकादमाकडे. सांगून येतो, छत बारक्याला दे म्हणून."

"अजून आजचा दिवस आहे."

"दिवसाने काय होणार आहे? उजवा बारा, डावा सहा. अर्धा माणूस आहे मी. छत अर्ध्या माणसाचं काम नाही. चाळणीला एक हात पुरतो."

"अर्धा कसला? तीन महिन्यांपूर्वी तुम्हाला केस विंचरता येत नव्हते!"

"केस विंचरून छत होत नाही!" दादा एवढ्या मोठ्याने ओरडला की कोंबड्या पळाल्या. मग त्याने डावं डंबेल उचललं. खाली ठेवायला उचललं की फेकायला, हे त्यालाही ठाऊक नसावं. ते त्याच्या हातून पायरीच्या दगडावर पडलं. एका टोकाचा डबा फाटला आणि आतलं सिमेंट दोन तुकडे होऊन उघडलं.

आत बिजागरी होती.

आधी मला समजेना मी काय बघते आहे. एक गंजलेली बिजागरी, तिच्या खाली दोन नट, मोडक्या करणीचं पातं, एकमेकांत अडकलेले दोन खिळे. आणि मधोमध, पाव भाग बाहेर, एक गुळगुळीत लोखंडी टोक.

आबा खाटेवरून उठले. खाली बसले. त्यांनी त्या टोकावरून अंगठा फिरवला.

"हा माझा ओळंबा आहे," आबा म्हणाले.

सगळ्यांनी आईकडे बघितलं. आई लसणाकडे बघत होती.

"माल कमी पडला," ती म्हणाली. "सिमेंट संपलं होतं. पाया भरताना माल कमी पडला की आपण काय करतो? भर घालतो. मीही घातली. कोपऱ्यातल्या पाटीत भंगार पडलं होतं, ते घातलं. पाटीत तळाला काय आहे ते मी कशाला बघू?" मग मान वर करून, "आणि दोन्ही डब्यांत सारखी वाटून घातली. एक बाजू जड नको म्हणून. मी काय वेडी आहे?"

"दोन महिने मी त्या पोराला चोर म्हणतोय," आबा म्हणाले.

"तुम्ही म्हणताय. मी नाही," आई म्हणाली.

पण मी ओळंब्याकडे बघत नव्हते. मी ते लोखंड बघत होते. मला आठवलं, केर काढताना मी ती डंबेल्स पायाने बाजूला सारायची. निळं गडगडत जायचं. लालाला दोन वेळा ढकलावं लागायचं. मला वाटायचं जमीनच तिथे खोलगट आहे.

"दादा," मी म्हटलं, "हे वजन करू या."

"कशाचं?"

"दोन्हींचं. आत्ता. गिरणीत काटा आहे."

तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. त्याने निळं डंबेल उजव्या हातात घेतलं आणि सुटलेले तुकडे डब्यात परत दाबून फुटलेलं लाल डाव्यात. मग पहिल्यांदाच अदलाबदल केली. उजव्या हातात लाल आल्याबरोबर तो हात खाली गेला. दादाने माझ्याकडे बघितलं, आणि त्याचा चेहरा लहानपणी दिसायचा तसा झाला.

मी फुटके तुकडे, बिजागरी आणि ओळंबा सगळं एका घमेल्यात घातलं आणि आम्ही गिरणीत गेलो. गिरणीवाल्याने घमेल्यात डोकावून विचारलं, "काय, बारीक दळू की जाडसर?" दादाने निळं काट्यावर ठेवलं. साडेनऊ किलो. मग आम्ही लालाचा शेवटचा खडाही उचलून काट्यावर ठेवला.

तेरा किलो.

जखमी हाताला सगळंच जड लागतं, म्हणून दादाने कधी शंका घेतली नव्हती. आम्हीही नाही. गेले सात आठवडे त्याचा आजारी हात चांगल्या हातापेक्षा साडेतीन किलो जास्त उचलत होता आणि आम्ही सगळे मिळून त्याला कमजोर म्हणत होतो.

घरी आल्यावर दादाने निळं डंबेल डाव्या हातात घेतलं. मूठ जरा जाड होती, पण चालली. टाचा जुळवल्या. आबांनी सहानंतर श्वास घेतला. सात गेलं, थांबलं नाही. आठ गेलं. अकरापर्यंत गेलं, आणि बाराव्याला आबा म्हणाले, "गुडघा हलला."

"धरा हो तो!" वहिनी, आई आणि मी एकदमच ओरडलो.

"नाही धरणार," आबा म्हणाले. पण त्यांचे डोळे भरले होते आणि ते पुसायला त्यांच्याकडे ओळंब्याशिवाय काही नव्हतं.

त्याच सकाळी ते बारक्याच्या घरी गेले. मला सोबत नेलं, एकटे गेले असते तर अर्ध्या वाटेवरून परत आले असते. बारक्या दारात सायकल पुसत होता. आबांना बघून तो उभा राहिला आणि हात पाठीमागे घेतले.

आबांनी ओळंबा पुढे केला. "हा सापडला."

"कुठे?"

"आमच्याच घरात. सिमेंटमध्ये."

बारक्याने खाली मान घातली. "तुम्ही मला काय समजता ते मला कळत होतं, आबा. म्हणून मी दुसऱ्या रस्त्याने कामावर जात होतो. लांब पडायचं."

आबांनी आयुष्यात कधी माफी मागितलेली मी ऐकली नव्हती. आईची तर नाहीच. ते घसा खाकरून म्हणाले, "चुकलं माझं." मग ओळंबा त्याच्या हातात ठेवून म्हणाले, "ठेव हा. वापर. माझी भिंत बांधायची वेळ गेली."

"नको, आबा."

"ठेव म्हणतो ना! आता चोरलास म्हणणार नाही."

बारक्या हसला. ओळंबा मुठीत तोलून बघितला. मग मला विचारलं, "उस्ताद उद्या वर येणार?"

"येणार," मी म्हटलं.

"मग बरं झालं," तो म्हणाला. "मला त्या छताची भीती वाटत होती."

सोमवारी दवाखान्याच्या लांब खोलीत परांची बांधून तयार होती. मुकादम दारात उभा. आबा वाळूच्या ढिगावर बसलेले, आणि गुडघे दुखत असूनही आई आली होती, वहिनीचा हात धरून. दादा चढला. मागोमाग बारक्या चढला. कोपऱ्याशी गेल्यावर बारक्या बाजूला सरला आणि म्हणाला, "कोपरा तुमचा, उस्ताद."

दादाने डाव्या हातात फळी घेतली. मी माल भरला. माझा हात आपोआप अर्ध्यावर थांबला. तो पडला त्या दिवसापासून मी कोणालाच भरलेलं घमेलं दिलं नव्हतं, हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. अर्धं घमेलं मी वर दिलं.

दादाने ते फळीवर ओतलं, फळी डोक्याच्या वर नेली आणि माझ्याकडे खाली बघितलं.

"पोटभर भर की!" तो ओरडला. "माप कसलं मारतेस?"

मला क्षणभर काही दिसेना. मग मी काठोकाठ भरलं. छातीपर्यंत, डोक्यावर, डोक्यावरून वर. त्याने वाकून घेतलं. पायाखालची फळी सरकली नाही. पहिली करणी छताला बसली, दुसरी बसली, आणि डावा हात वरच होता. दुपार झाली तरी वरच होता. मुकादम दोन वेळा येऊन बघून गेला आणि तिसऱ्यांदा आलाच नाही.

संध्याकाळी छताला सांधा नव्हता. घरी आल्यावर वहिनी सवयीने बाही धरायला पुढे झाली, तर दादाने दोन्ही हात वर करून सदरा स्वतःच डोक्यावरून काढला. ती रिकाम्या हातांनी उभी राहिली. मग त्याने तो सदरा तिच्या हातात दिला, आणि ती उगीचच त्याची घडी घालत बसली.

आबांनी चार नवे डबे काढले होते. आई भंगाराची पाटी घेऊन आली. आबांनी पाटी आधी पालथी करून नीट बघितली, त्यातून आपली एक जुनी करणी बाजूला काढली आणि पाटी परत दिली. "घाल," ते म्हणाले. "आणि ह्या वेळी उजव्यातही घाल. बिचारा मागे पडलाय."

मी पायरीवर बसून पाय धूत होते. खांदे ठणकत होते, पण ते रोजचंच. आबा माझ्या शेजारी येऊन बसले.

"आज किती घमेली वर दिलीस?" त्यांनी विचारलं.

"कोण मोजतंय," मी म्हटलं.

"मी मोजली," आबा म्हणाले. "एकशे बावीस. गुडघा वाकवलेली धरली नाहीत."